वनातील भय आणि मनातील भय

दिवाळीची सुट्टी संपून थंडीचे दिवस आले, की शाळाशाळांतून सहलींचे व वनभोजनांचे बेत सुरू होतात. समुद्रकिनारा, देऊळ, किल्ला, धरण अशी नावे निघाली तर पालकवर्गाकडून सहसा आक्षेप येत नाही. परंतु मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव यांपैकी एखाद्या अभयारण्याचे नाव निघाले, की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. ‘तेथे वाघ आहेत ना?’ ‘सापांचे काय?’ ‘गवा अंगावर धावून आला तर?’ हे प्रश्न वात्सल्यातून आलेले असतात; त्यामुळे ते हसण्यावारी नेण्याजोगे मुळीच नाहीत. त्यांस उत्तर दिले पाहिजे, आणि ते ऐकीव गोष्टींच्या आधारे न देता नोंदींच्या आधारे दिले पाहिजे. वन्य पशूंपासून प्रवाशास खरोखर किती धोका असतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. रानात पाहुणा म्हणून जाणाऱ्या माणसास वन्य पशूंपासून असणारा धोका अगदी अल्प आहे. जो आहे, त्यातला बराचसा पाहुणा स्वतःच ओढवून घेतो. आणि खरा, रोजचा धोका ज्यांच्या वाट्यास येतो, ते पर्यटक नसून रानाच्या कडेला राहणारे आपलेच बांधव आहेत. ही तिन्ही विधाने एकत्र ध्यानात ठेवली, तरच या विषयाचा उलगडा होतो.

प्रथम हे भय येते कोठून, ते पाहू. बाळपणी ऐकलेल्या गोष्टींत वाघ आणि लांडगा हे बहुधा माणसास खाण्यासाठीच टपून बसलेले असतात. पुढे वाचन वाढले म्हणजे शिकारकथा हाती येतात. जिम कॉर्बेट यांचे कुमाऊंच्या नरभक्षक वाघांवरील पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी ते दिव्याच्या उजेडात श्वास रोखून वाचले. चंपावतच्या ज्या वाघिणीस कॉर्बेट यांनी १९०७ साली मारले, तिने ४३६ माणसांचा बळी घेतला होता असे सांगतात. आकडा वाचून अंगावर काटा उभा राहतो. परंतु त्याच हकिकतीतील दोन गोष्टी आपण वाचूनही विसरतो. एक अशी, की त्या वाघिणीचे उजव्या बाजूचे सुळे कोणा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीने मोडले होते आणि त्यामुळेच नेहमीचे भक्ष्य पकडणे तिला अशक्य झाले होते. दुसरी अशी, की तिने मारलेली माणसे प्रामुख्याने डोंगरातील खेड्यांत राहणारी, गवत, पाला व लाकूडफाटा आणण्यास रानात जाणारी होती. म्हणजे भयाची ही सुप्रसिद्ध कथासुद्धा प्रवाशांची नाही, ग्रामस्थांची आहे.

एखाद्या घटनेवरून, मग ती कितीही थरारक असो, धोक्याचे माप काढता येत नाही. त्यासाठी असे ठिकाण पाहिले पाहिजे, की जेथे बलाढ्य वन्य पशू आहेत, प्रवासी लक्षावधींनी येतात आणि अपघातांची नोंद दीर्घकाळ ठेवली गेली आहे. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान हे असे ठिकाण आहे. १८७२ साली स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या जवळजवळ अडीचपट आहे. तेथे ग्रिझली जातीची प्रचंड अस्वले आहेत, लांडगे आहेत, आणि आपल्या गव्याचे दूरचे भाऊबंद असे बायसन आहेत. अलीकडे या उद्यानास दरसाल चाळीस लाखांहून अधिक भेटी होतात.

आता नोंद पाहा. स्थापनेपासूनच्या दीडशेहून अधिक वर्षांत या उद्यानात अस्वलांनी मारलेल्या माणसांची संख्या आठ आहे. त्याच उद्यानात पाण्यात बुडून मरण पावलेल्यांची संख्या सव्वाशेच्या आसपास आहे. तेथील उकळत्या पाण्याच्या कुंडांत पडून, भाजून मेलेले लोकसुद्धा वीसहून अधिक आहेत. १९७९ पासूनच्या सुमारे चाळीस वर्षांच्या नोंदींवरून उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी काढलेला हिशेब असा, की ग्रिझली अस्वलाकडून जखमी होण्याचा संभव साधारणपणे २७ लाख भेटींमागे एक आहे. आणि जे प्रवासी रस्ता, निवासाची जागा व फळ्यांच्या आखलेल्या वाटा सोडत नाहीत, त्यांच्या बाबतीत तो जवळजवळ सहा कोटी भेटींमागे एक इतका खाली येतो. ज्या अस्वलाच्या नावाने प्रवाशास रात्री झोप येत नाही, त्याच्यापेक्षा शेजारून वाहणारी शांत नदी कितीतरी पटींनी घातक ठरली आहे.

परंतु याहूनही बोधप्रद असा या उद्यानाच्या इतिहासातील एक अध्याय आहे. एके काळी तेथील हॉटेलांचे खरकटे उघड्यावर टाकले जाई आणि ते खाण्यास येणारी अस्वले पाहता यावीत म्हणून प्रवाशांसाठी बसण्याच्या पायऱ्यासुद्धा बांधल्या होत्या. रस्त्यावर मोटारी थांबत, काचा खाली होत, आणि अस्वले हात पसरणाऱ्या भिकाऱ्यांप्रमाणे खिडकीशी येऊन उभी राहत. मुले हसत, वडील छायाचित्रे घेत. १९३१ ते १९६९ या काळात अस्वलांमुळे जखमी होणाऱ्यांची सरासरी दरसाल ४८ होती! सुमारे १९७० पासून खरकट्याच्या जागा बंद करण्यात आल्या आणि खाऊ घालण्याची मनाई कसोशीने अमलात आली. पुढे ही सरासरी दरसाल एकाच्या आसपास येऊन ठेपली. रान तेच होते आणि अस्वलेही त्याच जातीची होती. बदलले होते ते पाहुण्यांचे वर्तन. मात्र मधल्या काळात माणसाच्या अन्नाची चटक लागलेली कित्येक अस्वले मारावी लागली. पाव फेकणाऱ्या हाताला गंमत वाटली. तिची किंमत अस्वलांनी प्राण देऊन चुकविली.

बायसनची गोष्ट अशीच आहे. यलोस्टोनमध्ये अस्वलांपेक्षाही अधिक माणसांना या गवत खाणाऱ्या प्राण्याने जखमी केले आहे. कारण उघड आहे. अस्वल दिसले की माणूस सावध होतो. रस्त्याकडेला संथपणे चरणारे जनावर मात्र त्यास गोठ्यातल्या म्हशीसारखे गरीब वाटते. तेथील नियम असा आहे, की बायसनपासून निदान २५ वार आणि अस्वल व लांडगा यांपासून निदान १०० वार दूर राहावे. २०१५ साली त्या उद्यानात बायसनने पाच जणांना जखमी केले, तेव्हा चौकशीत असे दिसून आले, की पाचही जण हे अंतर मोडून जनावराच्या अगदी निकट गेले होते. त्यांतील काही तर छायाचित्र काढण्यात गुंतले होते. चाळीस लाख लोक आले, पाच जण जखमी झाले, आणि त्या पाचांनाही सुरक्षित राहण्याचा उपाय आधी सांगितलेला होता!

‘हे सारे अमेरिकेचे झाले, आपल्या रानांचे काय?’ असे कोणी विचारील. आपल्याकडेही हाच नियम दिसून येतो. ताडोबा, कान्हा, रणथंभोर या व्याघ्रप्रकल्पांतून दरसाल सहस्रावधी प्रवासी उघड्या गाड्यांतून वाघ पाहावयास जातात. वाघ कित्येकदा गाडीपासून हाकेच्या अंतरावरून निघून जातो. तरीसुद्धा गाडीत शांत बसलेल्या प्रवाशावर वाघाने झडप घालून प्राण घेतल्याची घटना अत्यंत दुर्मिळ होय. गाडी, तिचा आवाज आणि तिच्यातील मंडळी हे सर्व मिळून वाघास एकच मोठी, निरुपद्रवी वस्तू भासते, असे जाणकार सांगतात. ती वस्तू त्याचे भक्ष्य नव्हे आणि त्याची वैरीणही नव्हे.

अपवाद घडतात आणि ते लपवून ठेवणे योग्य नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये रणथंभोर येथील त्रिनेत्र गणेशाच्या दर्शनाहून पायी परतणाऱ्या एका सात वर्षांच्या मुलास वाघाने नेले. या घटनेने कोणाही पालकाचे काळीज हलावे. परंतु त्या वेळी तेथील जाणकारांनी जे सांगितले, तेही ऐकले पाहिजे. एका आजारी वाघिणीस काही काळ जिवंत भक्ष्य पुरविले जात होते; त्यामुळे तिच्या बच्च्यांच्या मनातील माणसाविषयीची स्वाभाविक भीती कमी झाली, असे त्यांचे म्हणणे होते. यलोस्टोनच्या अस्वलांनी शिकविलेला धडाच येथे दुसऱ्या रूपाने समोर येतो. वन्य पशू माणसास भितो, हे आपल्या सुरक्षिततेचे मोठे कुंपण आहे. ते कुंपण आपण दयेने मोडले काय किंवा मौजेने मोडले काय, परिणाम एकच होतो.

हत्तीच्या बाबतीत मात्र विशेष सावधगिरी हवी, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूतील वालपारईच्या घाटरस्त्यावर हत्ती उभा असता इतर वाहने थांबली होती. लोकांनी इशारा दिला असतानाही एक जर्मन प्रवासी मोटारसायकल पुढे घेऊन गेला आणि प्राणास मुकला. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात कर्नाटकातील बंदीपूरच्या रस्त्यावर एक गृहस्थ वाहनातून उतरून हत्तीचे छायाचित्र घेण्यास गेले. हत्तीने पाठलाग केला, ते पडले, आणि केवळ दैव बलवत्तर म्हणून वाचले. वनखात्याने पुढे त्यांस २५,००० रुपये दंड केला. या दोन्ही ठिकाणी हत्ती माणसाच्या शोधात आलेला नव्हता. माणूस हत्तीपर्यंत चालून गेला होता.

आता आपल्या गोव्याकडे वळू. येथे येणाऱ्या पाहुण्याचे प्राण खरोखर कोण घेते? वाघ नव्हे, बिबट्या नव्हे. समुद्र घेतो, धबधब्याखालचा डोह घेतो, रस्ता घेतो. २००८ साली आपल्या किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमावे लागले, ते बुडणाऱ्यांची संख्या असह्य झाली म्हणूनच. पावसाळ्यात समुद्रात उतरू नये म्हणून तांबडी निशाणे लावावी लागतात आणि त्या निशाणांपलीकडेही हौशी मंडळी उतरतातच. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यात दोघे बुडाले, आणि त्यानंतर वनखात्याने पावसाळ्यापुरता अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेश बंद केला. त्याच महिन्यात दूधसागरकडे बंदी असतानाही रेल्वेच्या रुळांवरून चालत निघालेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी रांगेत उभे करून उठाबशा काढावयास लावल्या, हे वृत्त आमच्या विद्यार्थ्यांनी मोठ्या आनंदाने वाचले असेल. शाळेतील शिक्षा मोठ्यांनाही होते, याचे समाधान त्यांस वाटले असावे! पण त्यातील बोध गंभीर आहे. ज्या रानात ही मंडळी वाघाच्या भयाने इकडेतिकडे पाहत असतील, त्याच रानात ती भरधाव आगगाडीच्या वाटेवरून निर्धास्त चालली होती.

रस्त्याविषयी तर बोलावयासच नको. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज सुमारे ४६० माणसे. सहलीस जाणारा विद्यार्थी अभयारण्याच्या दारापर्यंत ज्या बसमधून जातो, ती बस व तो रस्ता हाच त्याच्या दिवसातील सर्वांत मोठा धोका होय. परंतु ‘चालकास पुरेशी झोप मिळाली आहे काय?’ असे विचारणारे पालक विरळाच भेटतात.

रानात भिण्याजोगे काहीच नाही, असे आमचे म्हणणे नाही. पण तेथे भिण्याजोगे जे आहे, ते बहुधा आकाराने लहान आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या रानात माकडे मरू लागली आणि मागोमाग माणसेही तापाने आजारी पडली. आज ज्यास आपण माकडताप म्हणतो, तो रोग प्रथम तेथे ओळखला गेला. तो पसरविते माकड नव्हे, तर मुगाच्या दाण्याहूनही लहान असणारी गोचीड. २०१५ पासून आपल्या सत्तरी तालुक्यातही या रोगाने उपद्रव दिला, आणि काजूच्या हंगामात रानात राबणाऱ्या लोकांस त्याची झळ अधिक लागली. अंगभर कपडे घालणे, पाल्यापाचोळ्यावर उगाच न बसणे, घरी आल्यावर अंग व कपडे तपासून गरम पाण्याने स्नान करणे, आणि मेलेले माकड दिसल्यास त्यास न शिवता आरोग्यखात्यास कळविणे, हे याचे साधे उपाय होत. वाघापासून रक्षण करण्यासाठी बंदुकीचा विचार करणारा माणूस पायांत लांब मोजे घालण्याचा कंटाळा करतो, हे विचित्र नव्हे काय?

सापांचीही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे, म्हणजे दरसाल सरासरी ५८,००० माणसे मरण पावली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. हा आकडा भयंकर आहे. पण हे लोक कोण होते? त्यांतील बहुसंख्य खेड्यांत राहणारे होते. पावसाळ्याच्या दिवसांत शेतात अनवाणी राबणारे, अंधारात बाहेर जाणारे, जमिनीवर झोपणारे होते. बूट घालून, दिवसाउजेडी, मळलेल्या वाटेने जाणाऱ्या सहलीच्या तुकडीस नाग, मण्यार, घोणस वा फुरसे चावण्याचा संभव फार थोडा असतो. साप पावलांची चाहूल लागताच बहुधा स्वतःच दूर निघून जातो.

आणि येथेच आम्ही या लेखाच्या खऱ्या मुद्द्याशी येतो. पशूंचा धोका खोटा नाही. तो भलत्याच माणसाच्या नावावर मांडला जात आहे. २०१८ ते २०२३ या काळात आपल्या देशात हत्तींमुळे दरसाल साडेचारशे ते सहाशेच्या दरम्यान माणसे मेली. त्यांत प्रवासी किती? नाममात्र. बाकीचे शेताची राखण करणारे, पहाटे कामावर निघालेले, रानाच्या वाटेने घरी परतणारे लोक होते. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात सापडतात ती मोहाची फुले वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी, गुरे चारणारी माणसे. वाकून काम करणारा माणूस वाघास चार पायांच्या भक्ष्यासारखा भासत असावा, असे अभ्यासक म्हणतात. पर्यटक गाडीत असतो, दिवसा जातो, सोबतीने जातो आणि दोन घटकांत परत येतो. ग्रामस्थ पायी असतो, पहाटे वा तिन्हीसांजेस निघतो, बहुधा एकटा असतो, आणि वर्षाचे बाराही महिने त्याच वाटेने जातो. दोघांच्या धोक्यात हा जो जमीनअस्मानाचा फरक आहे, तो शौर्याचा नाही, पोटाचा आहे.

आपल्या शेजारी दोडामार्ग तालुक्यात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले; तेव्हापासून तेथील केळीच्या, माडांच्या व काजूच्या बागाइतदारांस निवांत झोप ठाऊक नाही. २०२५ साली एक हत्ती आपल्या पेडणे तालुक्यात आला. तो ज्यांच्या पिकात शिरला, त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. आणि दुरून आलेली बघ्यांची गर्दी हातात फोन धरून त्यास पाहत राहिली. एकच हत्ती, पण एकास संकट व दुसऱ्यास तमाशा! जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावली येथे एक वाघीण व तिची तीन पिल्ले मृतावस्थेत सापडली. वाघाने गुरे मारल्याच्या रागातून त्यांस विष घालण्यात आल्याचे तपासात पुढे आले. त्या कृत्याचे समर्थन कोणीही करणार नाही. आम्ही तर मुळीच करणार नाही. वाघ परत येत नाहीत. पण ज्या घरचे दुभते जनावर जाते, त्या घरास भरपाई विनाविलंब मिळाली पाहिजे, त्याची तक्रार कोणीतरी आस्थेने ऐकली पाहिजे, हेही तितकेच खरे. ज्यांच्या भीतीस भक्कम आधार आहे, त्यांचे गाऱ्हाणे कार्यालयांच्या पायऱ्यांवर ताटकळते. आणि ज्यांच्या भीतीस फारसा आधार नाही, त्यांच्यासाठी सहली रद्द होतात, हा न्याय आम्हांस उलटा वाटतो.

आमच्याच वर्गांतून सत्तरीच्या रानाकडील वाड्यांवरची मुले बसतात. शहरातील मित्रांना ज्या रानात एक दिवस न्यावयास घरची मंडळी कचरतात, त्या रानाच्या कडेने ही मुले रोज बसच्या थांब्यापर्यंत चालत येतात. काळोख पडला की विजेरी व काठी हाती असावी, गवा वाटेत दिसला तर थांबून त्यास जाऊ द्यावे, एकट्याने जाण्यापेक्षा बोलत बोलत जावे, हे त्यांस कोणा पुस्तकाने शिकविलेले नाही. ‘वाघ आहेत म्हणून तिकडे जाऊ नये’ असे जेव्हा आपण वर्गात उच्चारतो, तेव्हा त्या मुलांस काय वाटत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्यांचे घर म्हणजे आपल्या दृष्टीने एक भीतिदायक जागा, असेच ना?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप आईचा आहे : ‘लाखांत एक असेना, पण तो एक माझा मुलगा असला तर?’ या प्रश्नापुढे अंकगणित मूक होते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु हाच प्रश्न समुद्र, रस्ता व धबधबा यांच्या बाबतीतही विचारला पाहिजे. तो केवळ वाघापुरता राखून ठेवल्याने मूल अधिक सुरक्षित होत नाही, उलट खऱ्या धोक्याकडे पाठ फिरते. दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे : ‘धोका नाही असे सांगितले, तर मुले बेफाम होतील.’ हेही खरे आहे. म्हणूनच ‘धोका नाही’ असे आम्ही म्हणत नाही. धोका अंतरात असतो, आणि अंतर आपल्या हाती असते, एवढेच आमचे सांगणे आहे. भित्रा माणूस रानात जात नाही, उद्धट माणूस रानात जाऊन अंतर मोडतो; या दोघांनाही रानाची ओळख नसते.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस पाळावयाचे नियम मूठभर आहेत. वन्य पशूस कधीही खाऊ घालू नये. दूधसागरच्या पायथ्याशी हातातील पिशवी हिसकावणारी माकडे ही आपल्यासारख्याच पाहुण्यांनी घडविलेली आहेत. जनावराने मान वर करून तुमच्याकडे पाहिले, चरणे थांबविले वा जमीन उकरली, तर तुम्ही आधीच फार जवळ आला आहात असे समजून शांतपणे मागे सरावे. पिल्लू दिसले की त्याची आई निकट आहे हे गृहीत धरावे. वनरक्षकाने थांब म्हटले की थांबावे. वाट सोडू नये, सोबत सोडू नये, आणि खोली ठाऊक नसलेल्या पाण्यात उतरू नये. छायाचित्र न मिळाले तरी चालेल. डोळ्यांनी पाहिलेले पुष्कळ दिवस टिकते.

आमची सूचना अशी आहे, की प्रत्येक शाळेने वर्षातून एक तरी सहल अभयारण्यात न्यावी. ती धबधब्याखाली न्हाण्यासाठी नको. रान ओळखण्यासाठी हवी. सोबत वनरक्षक असावा, आणि शक्य तर त्या गावातील एखादे वडीलधारे गृहस्थ असावेत. माग कसा ओळखावा, कोणत्या झाडाची साल अस्वलाने ओरबाडली, गवे पाण्यावर केव्हा येतात, हे त्यांनी सांगावे आणि मुलांनी ऐकावे. वाटेवरच्या वाडीत थांबून, गेल्या वर्षी कोणाचे काय नुकसान झाले व भरपाई मिळाली किंवा नाही, हेही मुलांनी विचारून घ्यावे. वाड्यांवरून येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी त्या दिवशी पुढे चालावे; त्या दिवसापुरते ते गुरू आणि आम्ही शिष्य.

पालकहो, पुढील सहलीची चिठ्ठी जेव्हा तुमच्या घरी येईल, तेव्हा प्रश्न अवश्य विचारा. तो तुमचा हक्क आहे. गाडी कोण चालविणार आणि त्याने आदल्या रात्री विश्रांती घेतली आहे काय, ते विचारा. मुले पाण्यात उतरणार काय, ते विचारा. सोबत किती शिक्षक आहेत, औषधांची पेटी आहे काय, जवळचे इस्पितळ किती दूर आहे, ते विचारा. मुलाच्या पायांत बूट व अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आहे, एवढे घरून निघताना पाहा. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर वाघाची चिंता वनरक्षकावर सोपवून मुलास निश्चिंत मनाने पाठवा. वाघ दिसण्याचे भाग्य बहुधा त्याच्या वाट्यास येणार नाही. पण त्याच्या वर्गात शेजारी बसणारा मित्र रोज कोणत्या वाटेने शाळेत येतो, एवढे तरी तो पाहून येईल.